उंटाच्या वशिंडात पाणी नसतं

‘उंट वशिंडात पाण्याची टाकी घेऊन फिरतो’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. वशिंडात पाणी नाही, चरबी असते. उपासमार झाली की ते लहान होतं, एका बाजूला कलंडतं.

मग कोणीतरी म्हणतं, ‘पण त्या चरबीचंच पाणी होतं ना?’ होतं खरं, एक ग्रॅम चरबी जाळली की साधारण तेवढंच पाणी. पण ती जाळायला प्राणवायू लागतो, आणि तो घेताना श्वासातून पाण्याची वाफ जाते. हिशेब फायद्याचा नाही.

खरी करामत वेगळी. प्राण्यांच्या शरीरक्रियेचे अभ्यासक कनूट श्मिट-नील्सन यांनी १९५३-५४ मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात उंट अभ्यासले. तहानलेला उंट दिवसा अंग तापू देतो, पहाटेच्या ३४ अंशांवरून थेट ४० पर्यंत. घाम वाचतो, साठलेली उष्णता रात्री निघून जाते. माणसाला हा ताप अंथरुणाला खिळवेल! लोकरही बाहेरची उष्णता अडवते: एका उंटाची लोकर कातरली, तर त्याचं पाणी सुमारे निम्म्याने जास्त खर्च झालं.

वजनाच्या पावपट पाणी गमावूनही तो उभा राहतो, आणि पाणी दिसलं की दहा मिनिटांत शंभरेक लिटर रिचवतो.