‘कुठलंही पायडल बसतं’ म्हणे!

व्यायामाच्या सायकलचं पायडल मोडलं की व्हॉट्सॲपवर फिरणारा एक सल्ला हमखास हातात पडतो. कंपनीचं पायडल घेऊ नका, सायकलच्या दुकानातून कुठलीही जोडी आणा, माप सगळ्यांचं एकच. दोन्ही बाजूंना उजवीकडे फिरवून आवळा. पट्टे कापून टाका. कटकट वाजायला लागलं की पुन्हा जोडी बदला.

कंपनीचंच हवं असं नाही, इथपर्यंत ठीक. कंपनीचं म्हणून निर्धोक असंही नाही: पेलोटॉन या व्यायामाच्या बाइक विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०२० मध्ये सुमारे २७,००० बाइकची क्लिपवाली (बूट अडकवायची) पायडलं परत मागवली, कारण पायडलचा दांडा मोडून लोकांच्या पायांना जखमा होत होत्या.

‘माप एकच’ ही मात्र शुद्ध थाप. आट्यांची मापं मुख्यतः दोन: ९/१६ इंच आणि १/२ इंच. मोठ्यांच्या बहुतेक सायकली आणि स्पिन बाइक (जिममधल्या जड चाकाच्या व्यायामाच्या सायकली) ९/१६ च्या. लहान मुलांच्या बऱ्याच सायकली आणि काही घरगुती बाइक १/२ च्या. जुनं पायडल काढून आट्यांची जाडी मोजा. १४ मिमीच्या जरा वर भरली तर मोठं माप, पावणेतेराच्या आसपास तर लहान. मोठं पायडल लहान भोकात शिरत नाही, हे बरंच. लहान मात्र मोठ्या भोकात सरळ जातं आणि डगडगत राहतं.

‘दोन्ही उजवीकडे’ हा सल्ला सगळ्यांत महागात पडतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बहुतेक जोड्यांवर ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेलं असतं, ते आधी बघा. पोलादी दांडा तिरपा घुसवून पान्याने रेटला की आटे जातात ते क्रँकचे, म्हणजे पायडल जिच्यात बसतं त्या फिरत्या भुजेचे, आणि मग पायडल राहतं बाजूला, क्रँकच बदलावी लागते. म्हणून आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन वेढे नुसत्या हाताने द्या. अडलं तर जोर न लावता मागे फिरवून पुन्हा सुरुवात करा. पाना, बहुतेक वेळा १५ नंबरचा, त्यानंतर. दिशेचा गोंधळ होत असेल तर पाना वरच्या बाजूला उभा धरा: बाइकच्या तोंडाकडे ढकलला की दोन्ही पायडलं आवळतात, सीटकडे ओढला की सुटतात.

पट्टे कापायचे? बहुतेक स्पिन बाइकचं जड चाक पायडलला थेट जोडलेलं असतं, पाय थांबवले तरी पायडल फिरतच राहतं. पाऊल निसटलं की ते येऊन नडगीवर बसतं. पट्टे नकोच असतील तर क्लिपवाली घ्या, पण बुटाची क्लीट (तळाला स्क्रूंनी बसवलेली, पायडलमध्ये अडकणारी पट्टी) जुळवून. क्लीटचे प्रकार वेगवेगळे: एसपीडी दोन स्क्रूंची, लुक डेल्टा तीन स्क्रूंची. लुकचीच कीओही तीन स्क्रूंचीच, तरी डेल्टाच्या पायडलात ती बसत नाही.

राहिली कटकट. दर फेरीला एकदा ‘टक’ वाजत असेल तर बऱ्याचदा आटे कोरडे किंवा सैल असतात, नाहीतर क्रँकचा बोल्ट ढिला. पुसा, ग्रीस लावा, आवळा. तरीही वाजलं तर पायडल काढून दांडा बोटांनी फिरवून बघा. खरखरला किंवा आडवा हलला, तर बेअरिंग गेलं. नवी जोडी तेव्हा आणा.