गच्चीचं कुलूप आणि तिजोरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘ब्राउझर मर्यादित खात्यातून चालवा’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांब आहे, खरमरीत आहे आणि निम्मी बरोबर आहे. तिथेच चार ओळी टाकून भागणार नाही, म्हणून स्वतंत्र लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हा सल्ला विंडोज एक्सपीच्या काळातला आहे. आता ब्राउझर स्वतःच सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाहेरच्या फाइलींना हात लावू न देणाऱ्या पिंजऱ्यात, चालतात. शिवाय चोराला अ‍ॅडमिन, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला, होण्याची गरजच काय? फोटो, कागदपत्रं, मेल, बँक, सगळं माझ्याच खात्यात आहे. ‘तुम्ही तिजोरी उघडी ठेवून गच्चीला कुलूप लावायला सांगताय,’ हे तुमचं वाक्य. आणि शेवटी, हे सगळं सामान्य माणसाला जमणार आहे का?

तिजोरीचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे.

‘मर्यादित खातं’ हा शब्द मी लेखात दोन अर्थांनी वापरला आणि दोन्हींची सरमिसळ केली. एक अर्थ : आपलं रोजचं खातं अ‍ॅडमिन नसावं. दुसरा अर्थ : ब्राउझरसाठी एक वेगळाच युजर असावा, ज्याच्या नावावर काहीही नाही. पहिल्याने मशीन बचावतं. दुसऱ्याने, ब्राउझर फुटला तर, तुमच्या फाइली बचावतात. तुमचा आक्षेप पहिल्या अर्थाला शंभर टक्के लागू आहे. एक्सपी २००१ साली आलं तेव्हा घरगुती मशीनवर जवळपास प्रत्येक जण अ‍ॅडमिन म्हणूनच बसायचा, आणि एका वाईट पानाने अख्खी सिस्टिम ताब्यात जायची. म्हणून तर मायक्रोसॉफ्टच्याच मायकेल हॉवर्ड यांनी २००४ मध्ये ‘ड्रॉपमायराइट्स’ नावाचं छोटंसं साधन दिलं होतं. तुम्ही अ‍ॅडमिन असलात तरी ब्राउझर मात्र कमी अधिकारांत सुरू व्हायचा. व्हिस्टा या पुढच्या विंडोजपासून प्रोग्राम आपोआपच कमी अधिकारांत सुरू होऊ लागले आणि ती गरज बरीचशी संपली. तेवढ्यापुरता सल्ला जुना, मान्य.

पण दुसरा अर्थ तुमच्याच मुद्द्यावर उभा आहे. मौल्यवान सगळं माझ्या खात्यात आहे ना? मग दिवसभर अनोळखी लोकांचा कोड चालवणारा प्रोग्राम त्याच खात्यात का बसवायचा? तिजोरीच्या खोलीत पाहुण्यांची बैठक मांडायची आणि मग तिजोरी उघडी आहे म्हणून हळहळायचं, असं ते होतं.

यावर एक जुनी घटना. ऑगस्ट २०१५ मध्ये फायरफॉक्सच्या पीडीएफ दाखवणाऱ्या भागात एक भोक सापडलं. सापडलं म्हणजे ते आधीपासून वापरात होतं, रशियातल्या एका बातम्यांच्या साइटवरच्या जाहिरातीतून. त्या हल्ल्याने अ‍ॅडमिन व्हायचा प्रयत्न केला नाही, कुठला व्हायरस बसवला नाही, मशीनवर खूण ठेवली नाही. त्याने फक्त फाइली वाचल्या. त्याने काय काय शोधलं तेही बघा. लिनक्सवर एसएसएचच्या (दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या) किल्ल्या, टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या आज्ञांचा इतिहास, मायएसक्यूएल या डेटाबेसचा इतिहास. लिनक्स असो वा विंडोज, सर्व्हरवर फाइली चढवणाऱ्या फाइलझिलाची सेटिंग, म्हणजे सर्व्हरचे पासवर्ड. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने दुरुस्ती तातडीने काढली आणि सोबत सांगितलं की या फाइलींमधले पासवर्ड आणि किल्ल्या बदला.

म्हणजे तुम्ही म्हणता तसंच झालं, चोराने गच्चीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण तो ब्राउझर वेगळ्या युजरखाली असता तर? एसएसएचची फाइल उघडायला गेल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमने विचारलं असतं, तू कोण, आणि ‘परवानगी नाही’ म्हणून परत पाठवलं असतं. ब्राउझरमधलं भोक तसंच राहिलं असतं, पण त्यातून हात घालून हाती लागण्यासारखं काही नसतं.

आता तुम्ही म्हणाल, २०१५ मध्ये फायरफॉक्सला सँडबॉक्स कुठे होता? खरं आहे. क्रोम २००८ मध्ये आला तो सँडबॉक्स घेऊनच, फायरफॉक्स बऱ्याच उशिरा त्या वाटेला लागला. मग अलीकडचं उदाहरण घेऊ. मार्च २०२५ मध्ये विंडोजवरच्या क्रोमचा सँडबॉक्स ओलांडणारा हल्ला प्रत्यक्ष वापरात असलेला सापडला. मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की काम झालं, पुढे काही करायची गरज नव्हती. त्यावरून फायरफॉक्सवाल्यांनी आपला कोड तपासला, तर तशाच धर्तीची चूक त्यांच्याकडेही निघाली, आणि त्यांनीही दुरुस्ती काढली.

सँडबॉक्स निरुपयोगी आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. रोज तोच वाचवतो. पण तो कोणाभोवती असतो ते बघा. पान रंगवणारी, पानासोबत आलेला कोड (जावास्क्रिप्ट) चालवणारी प्रोसेस, म्हणजे ब्राउझरचा स्वतंत्र चालणारा भाग, पिंजऱ्यात असते. फाइल निवडायची खिडकी उघडणारी, डाउनलोड लिहिणारी मुख्य प्रोसेस पिंजऱ्याबाहेर, तुमच्या संपूर्ण अधिकारांनिशी बसलेली असते. पिंजरा फोडून आलेला जातो तो तिच्याकडे. तिथे पोहोचला की तो म्हणजे तुम्हीच. त्या ‘तुम्ही’कडे काय काय असावं, एवढाच माझा प्रश्न आहे. (जाता जाता : लिनक्सवर क्रोम रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी खात्यातून, सुरू करायला गेलात तर सँडबॉक्स बंद केल्याशिवाय तो चालायलाच तयार होत नाही.)

आणि कल्पना जुनी म्हणून टाकाऊ, हे तर पटतच नाही. प्रोग्रामला कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे साल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला वेगळा युजर क्रमांक मिळतो. खाली लिनक्सच आहे, आणि एका अ‍ॅपने दुसऱ्याच्या फाइली वाचू नयेत म्हणून युजरांमधली हीच जुनी भिंत तिथे वापरली आहे. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१८ पासून क्रोमियमला (क्रोमचा खुला मूळ ब्राउझर) फाइलसिस्टिमचा फक्त गरजेपुरता भाग दाखवायला सुरुवात केली. होम फोल्डरमधला डाउनलोडचा कप्पा दिसतो, बाकीचे कागद त्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. मायक्रोसॉफ्टचंच बघा. तो ‘परवानगी द्यायची का?’ विचारणारा यूएसीचा चौकोन ते सुरक्षेची सीमा मानत नाहीत, दोन युजरांमधली भिंत मात्र मानतात. ती भिंत आपल्याकडे फुकट पडून आहे.

माझ्याकडे हे कसं चालतं ते सांगतो, म्हणजे कटकट किती आहे तेही कळेल. लिनक्सवर ‘जाळं’ नावाचा युजर आहे. त्याच्याकडे अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत, होम फोल्डर स्वतःचं. ब्राउझरच्या आयकॉनवर क्लिक केलं की तो जाळं म्हणून सुरू होतो. माझं खातं मी जाळंच्या गटात घातलंय, जाळंला माझ्या गटात घातलेलं नाही. त्यामुळे मला त्याच्या घरात डोकावता येतं, त्याला माझ्या घरात नाही. डाउनलोड झालेली फाइल मी तिथून उचलतो.

फरक दिसतो तो फाइल जोडताना. मेलमध्ये पिनेचं चिन्ह दाबलं की जी खिडकी उघडते त्यात माझं काहीच नसतं. कागदपत्रं नाहीत, फोटो नाहीत, फक्त ‘आवक’ आणि ‘जावक’ असे दोन फोल्डर. पहिल्या दिवशी पोटात गोळाच आला, वाटलं सगळं उडालं. मग लक्षात आलं की ब्राउझरला इतकी वर्षं जे दिसत होतं ते आता दिसत नाहीये, एवढंच. काही पाठवायचं असेल तर आधी ते आपल्या हाताने जावकमध्ये आणून ठेवायचं. दिवसातून दोन-तीनदा हा हेलपाटा पडतो. मला तो चालतो, तुम्हाला चालेलच असं नाही.

आता एक कबुली. तुमच्या प्रतिक्रियेत हा मुद्दा नव्हता, पण तुमच्या हाती लागला असता तर तुम्ही मला सोडलं नसतं. हा सगळा थाट उभा केल्यावर जवळपास दोन महिने मी निर्धास्त होतो. मग एकदा सहज ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत माझ्याच होम फोल्डरचा पत्ता टाकला, ‘परवानगी नाही’ बघण्याचं सुख घ्यावं म्हणून. तर समोर अख्खी यादी! कागदपत्रं, जुनी बिलं, पगाराच्या पावत्या, उघडून वाचताही येत होत्या. माझं होम फोल्डर सगळ्यांना वाचायला खुलं होतं. उबुंटूमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या लिनक्समध्ये, २१.०४ या आवृत्तीच्या आधी नवं होम फोल्डर तसंच बनायचं, आणि माझं खातं त्याच्या कितीतरी आधीचं. नंतर सिस्टिम अपग्रेड होत गेली, फोल्डरच्या परवानग्या होत्या तशाच राहिल्या. एसएसएचच्या किल्ल्या तेवढ्या बचावल्या होत्या, कारण आपली खाजगी किल्ली इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. बाकी सगळा उघडा संसार. एका आज्ञेचं काम होतं, ते मी केलं नव्हतं. म्हणून कुणी वेगळा युजर करणार असेल तर आधी ही परवानगी तपासा आणि मग ब्राउझरमधूनच आपल्या घरात शिरून बघा.

लेखात न सांगितलेल्या आणखी काही गोष्टी. तुमची कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी छोटी नोंद), तुमचं चालू असलेलं बँकेचं सेशन ब्राउझरच्या आतच असतं. ते वेगळ्या युजरने बचावत नाही, त्याच्यासोबतच जातं. तिथे तुमचा ‘बँक तर त्याच खात्यात’ हा मुद्दा अचूक लागतो. त्यावर माझा उपाय म्हणजे दोन युजर. भटकायला जाळं, आणि बँक, मेल यांसाठी दुसरा, ज्यात एकही एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं जादा साधन) नाही. खोट्या पानावर आपणच पासवर्ड टाइप केला तर यातलं काहीही कामाचं नाही.

कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, भोक असेल तर युजरांमधली भिंत कोसळते. २०१६ मध्ये उघड झालेलं ‘डर्टी काऊ’ नावाचं भोक लिनक्समध्ये २००७ पासून होतं. पण मग हल्लेखोराला ब्राउझरचं भोक, सँडबॉक्सचं भोक आणि वर कर्नलचंही, असं सगळं एकाच वेळी जुळवावं लागतं.

सगळ्यात मोठी गळती पडद्यावर आहे. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर, एक्स-इलेव्हनवर, अजून असाल तर त्याच पडद्यावरचा कोणताही प्रोग्राम तुम्ही दाबलेली प्रत्येक की ऐकू शकतो, मग तो कुठल्याही युजरचा असो. टर्मिनलमध्ये टाकलेला अ‍ॅडमिनचा पासवर्डसुद्धा. तिच्या जागी आलेल्या वेलँडवर हे चालत नाही. विंडोजवर ‘दुसरा युजर म्हणून चालवा’ केलं तरी दोन्ही खात्यांच्या खिडक्या एकाच डेस्कटॉपवर असतात, म्हणून तिथे खरी फारकत हवी असेल तर पूर्ण युजर बदलून बसावं. हे मूळ लेखात यायलाच हवं होतं.

राहिला सामान्य माणूस. नाही, त्याने जाळं वगैरे काही करू नये. ब्राउझर आपोआप अपडेट होऊ द्यावा, रोजचं खातं अ‍ॅडमिन नसावं, नको ती एक्स्टेन्शनं काढून टाकावीत. अपडेट थांबवून ठेवणारा माणूस वेगळा युजर करत बसला तर मीच त्याला अडवीन. माझा मूळ लेख ज्यांच्या मशीनवर दुसऱ्यांच्या सर्व्हरच्या किल्ल्या, ग्राहकांच्या फाइली किंवा इतरांचे पैसे हलवण्याचे अधिकार आहेत, त्यांच्यासाठी होता. तेही मी नीट लिहिलं नव्हतं.

मूळ लेखातला ‘मर्यादित खातं’वाला परिच्छेद आज बदललाय, पडद्याच्या गळतीचा नवा जोडलाय, आणि बदल तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाला हे खाली नोंदवलंय. आवाजाचं माझ्याकडे अजून जमलेलं नाही. साउंड सर्व्हर, म्हणजे आवाज सांभाळणारा प्रोग्राम, माझ्या खात्याचा, ब्राउझर जाळंचा, त्यामुळे व्हिडिओ कॉल आला की मी निमूटपणे फोन उचलतो. कुणाकडे सरळ मार्ग असेल तर लिहा, फक्त ‘सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका’ हा नको. तो मी करून पाहिलाय आणि त्याच रात्री परत काढलाय.