‘सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत होत नाही’: एकेक मुद्दा तपासून

वार्षिक सभा जवळ आली की सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात: ‘ओल्या कचऱ्याचं खत सोसायटीत करणं अव्यवहार्य आहे. वास येतो, अळ्या पडतात, उंदीर-घुशी येतात. जागा नसते. आपण वेगळा दिला तरी पुढे सगळं एकत्रच होतं. करायचंच तर २४ तासांत खत देणारं मशीन घ्या.’ यातल्या तक्रारी हवेतून आलेल्या नाहीत. बंद पडलेले खड्डे पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली दिसतात. पण ते का बंद पडले हे पाहिलं, तर त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. हिशेबासाठी ४० फ्लॅटची सोसायटी धरू.

जागेचा प्रश्न आधी, कारण तो लवकर मिटतो. एका घरातून दिवसाला साधारण पाचशे ते सहाशे ग्रॅम ओला कचरा निघतो. म्हणजे ४० घरांचा २० ते २५ किलो. त्यासाठी ३ फूट रुंद, ६ फूट लांब आणि ३ फूट उंच असे तीन हौद पुरतात. एक भरायचा, दुसरा मुरायचा, तिसरा पावसाळ्यासाठी आणि अडीअडचणीला. कुजताना माल खाली बसत जातो, म्हणून एक हौद भरायला जवळपास महिना लागतो. तिन्ही मिळून ५४ चौरस फूट. कचऱ्यात मिसळायच्या सुक्या पाल्याची पोती आणि खत चाळायची जागा धरली तरी एका मोटारीच्या पार्किंगएवढ्या जागेत काम भागतं.

वासाचा मुद्दा मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण बहुतेक प्रकल्प तिथेच मरतात. नीट चाललेल्या हौदाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. घाण वास म्हणजे बिघाडाची खूण, आणि कोणता बिघाड हे वासच सांगतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत पाणी साचलंय आणि हवा पोचत नाही. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर ओला माल जास्त आणि सुका कमी झालाय. दोन्हींवर उपाय एकच: ढीग खालीवर करा आणि सुका पाला वाढवा. चुना टाकू नका. चुन्यामुळे नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो, वास वाढतो आणि खतही निकृष्ट होतं. फिनेल तर अजिबात नको, ते कुजवणाऱ्या जिवाणूंनाच मारतं.

प्रमाण मापाने ठेवायचं, अंदाजाने नाही. ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला चुरलेल्या सुक्या पाल्याची निदान एक बादली, पावसाळ्यात दीड. हौदाच्या तळाशी सहा इंच काटक्या आणि नारळाच्या शेंड्या टाका म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर दोन बादल्या जुनं खत किंवा शेण टाका, विरजण म्हणून. विकतची जिवाणू पावडर लागत नाही. मग रोज ओला थर पसरायचा, पाला मिसळायचा आणि वर दोन इंच पाल्याचं पांघरूण घालायचं. आठवड्यातून एकदा सगळं खालीवर. आतला माल हातमोजा घालून मुठीत घट्ट दाबून बघा: दोन-तीन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर भुगा झाला तर पाणी शिंपडा. लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी ओढा. टोकाला हात धरवत नसेल तर आत काम जोरात चाललंय. ५५ अंशांच्या वर तीन-चार दिवस राहिलं की बहुतेक रोगजंतू आणि तणाचं बी मरतं.

अळ्या? होतात. पण कोणत्या, ते बघा. तांदळाच्या दाण्यासारख्या पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या असतील तर त्या घरमाशीच्या. म्हणजे वरचं पांघरूण घालायचं राहिलंय. चपट्या, राखी-तपकिरी, खरबरीत असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. ही माशी चावत नाही, जेवणावर घोंघावत नाही आणि तिच्या अळ्या उरलेलं अन्न झपाट्याने संपवतात. त्यांना मारायला औषध फवारणं हे आपल्याच कामगारांना हाकलण्यासारखं आहे. डास खतात होत नाहीत, साचलेल्या पाण्यात होतात. तेव्हा निचऱ्याचं पाणी गोळा होणाऱ्या कॅनला झाकण हवंच.

उंदीर-घुशींचा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर बांधकामात आहे. घूस खालून पोखरते, म्हणून तळ सिमेंटचा हवा, एका कोपऱ्याकडे उतार आणि निचऱ्याचं भोक. भिंत हवेसाठी जाळीदार विटांची, पण आतून पाव इंची जाळी लावलेली. मोठ्या भोकांच्या जाळीतून उंदराची पिल्लं सहज शिरतात. वर जाळीचं झाकण आणि पत्र्याचं छप्पर, पत्रा चहूबाजूंनी दीड फूट बाहेर. या ठिकाणी चार पैसे वाचवणाऱ्या सोसायट्या पुढे ते वर्षभर भरतात.

अनेक ठिकाणी बिल्डरने बांधून दिलेले खड्डे गांडूळ खताचे असतात. तिथे थेट स्वयंपाकघरातला कचरा टाकला की ढीग तापतो आणि गांडुळं मरतात. ती ३५ अंशांच्या पुढे तग धरत नाहीत. मीठ-मसाल्याचं उरलेलं अन्न आणि लिंबाची सालंही त्यांना सोसत नाहीत. मग ‘आपल्याकडे खत होत नाही’ असा शिक्का बसतो. गांडुळं हवीच असतील तर अर्धवट कुजून थंड झालेला माल त्यांना द्यावा.

आता मशीन. बहुतेक २४ तासांची यंत्रं कचरा तापवतात, वाळवतात आणि दळतात. बाहेर येते ती तपकिरी भुकटी दिसायला खतासारखी, प्रत्यक्षात वाळलेलं अन्न. कुजणं एका दिवसात उरकत नाही. ती भुकटी कुंडीत घालून पाणी दिलं की बुरशी येते, वास सुटतो आणि मुळं जळतात. खात्री करायची तर दोन मुठी भुकटी ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. पिशवी उघडल्यावर आंबट किंवा कुजका वास आला तर माल कच्चा आहे. दुसरी चाचणी मेथीची: एक भाग खत, एक भाग माती, दहा दाणे. आठ-नऊ उगवले नाहीत तर थांबा. मशीनमधला माल पाल्यात मिसळून काही आठवडे मुरवावाच लागतो. म्हणजे हौद चुकत नाहीच, वर विजेचं बिल येतं.

‘पुढे एकत्रच होतं’ हे काही ठिकाणी खरं आहे. पण तो हौद बांधण्याच्या बाजूचा मुद्दा आहे. ओला कचरा आवारातच राहिला तर एकत्र होण्यासारखं उरतंच काय? २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक मानलं. त्यात सगळा कचरा धरला, फक्त ओला नाही. आपली ४० घरं त्याखाली राहतात, पण मुंबईच्या देवनार (१९२७ पासूनची कचराभूमी) किंवा पुण्याच्या उरुळी देवाची-फुरसुंगी इथे कचऱ्याच्या डोंगराखाली मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो तो ओल्या कचऱ्यामुळेच. शिवाय ओलं निघून गेलं की कागद-प्लास्टिक स्वच्छ राहतं आणि कचरावेचकांना भंगारात चार पैसे जास्त मिळतात. पुण्यात मिळकतकरात सवलतही आहे, मात्र प्रकल्प बंद आढळला तर ती जाते.

या संदेशात कधीच न येणाऱ्या दोन अडचणी खऱ्या अवघड आहेत. पहिली, माणूस. २५ किलोंचं काम रोज पाऊण तासाचं. ते सफाई कामगाराच्या किंवा माळ्याच्या माथी फुकट मारलं तर दोन महिन्यांत हौदाचं उकिरड्यात रूपांतर होतं, आणि त्यात त्याचा दोष नसतो. वेगळा पगार, गमबूट, हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हे खर्चात आधीच धरा. कचरा पिशवीत बांधलेला नको, उघड्या बादलीत हवा. पिशवीची गाठ सोडून आत ब्लेड आहे का ते शोधत बसणं हे कोणाचंही काम नाही.

दुसरी, जुलैतला पाला. पावसाळ्याच्या चार महिन्यांना दीड बादलीच्या हिशेबाने धान्याची शंभरावर पोती भरून चुरा लागतो. एवढं ठेवायला सहसा जागा नसते. म्हणून ४० पोती साठवावीत आणि बाकीची भर चाळणीवर उरलेल्या जाड मालाने, नाहीतर वखारीतल्या लाकडी भुशाने करावी. भुसा अर्धी बादली पुरतो, जास्त झाला तर कुजणं मंदावतं. प्लायवूडचा भुसा घेऊ नये, त्यात गोंद असतो. पाला निवडतानाही भान हवं: रेन ट्री, गुलमोहर, शिरीष यांची बारीक पानं न चुरता चालतात, आंबा, वड, रबर यांची चामट पानं चुरल्याशिवाय महिनोन्‌महिने तशीच राहतात. आवारात झाडं नसतील तर पुण्यात पाला असणारे आणि पाला हवा असणारे यांची गाठ घालून देणारा ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम आहे. पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमधली. हौद त्याआधी बांधून झाले पाहिजेत, आणि पहिली पोती भरल्याशिवाय पहिली बादली ओतू नये.