खुलासा : हळदीचं पेटंट अमेरिकेकडे नाही

वसमत, हिंगोली भागात सध्या एक मेसेज फिरतोय : ‘हळदीचं पेटंट अमेरिकेनं घेतलंय, आता जखमेवर हळद लावायलाही परवानगी लागणार.’ हे खोटं आहे.

मूळ गोष्ट अशी. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत ५४०१५०४ क्रमांकाचं पेटंट दिलं गेलं. ते हळदीच्या पिकावर नव्हतं, तर हळदपूड देऊन जखम भरून आणण्याच्या पद्धतीवर होतं. आपल्या सीएसआयआरनं (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, केंद्र सरकारची संशोधन संस्था) जुने ग्रंथ, शोधनिबंध असे ३२ पुरावे दिले. पद्धत नवी नाही हे सिद्ध झालं आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. शिवाय अमेरिकेचं पेटंट अमेरिकेतच चालतं, ते इथल्या शेतकऱ्याला कधीच लागू नव्हतं.

भारतात तर पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्येच वाट बंद आहे. ३(ग) : वैज्ञानिक तत्त्वाचा नुसता शोध. ३(झ) : माणसावरील उपचाराची, रोगनिदानाची पद्धत. ३(त) : पारंपरिक ज्ञान. यांवर पेटंट मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर डॉक्टरनं रिपोर्ट वाचून डोस ठरवायचा तर परवानगी कुणाची मागायची? (इंग्रजी प्रतीत हीच उपकलमं सी, आय, पी या अक्षरांखाली आहेत.)

हळद शिजवायच्या बॉयलरमध्ये खरोखर नवी सुधारणा केली, तर तिला मात्र पेटंट मिळू शकतं. कुणी जुनीच पद्धत नवी म्हणून दाखवली, तर अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही कलम २५(१) खाली लेखी हरकत घेऊ शकतो. सोबत तारीख असलेला छापील पुरावा जोडा.