तस्करीचं विमान पडलं की त्याला 'थरार' म्हणू नका

२६ जुलै २०२०, पापुआ न्यू गिनी. सेसना ४०२सी, दोन इंजिनांचं छोटं विमान. ऑस्ट्रेलियातल्या मारीबाहून निघालं, रडारला चुकवण्यासाठी जेमतेम तीन हजार फुटांवरून समुद्र ओलांडून पोर्ट मोर्स्बीजवळच्या पापा लेआ लेआ या ठिकाणी पोचलं. तिथल्या कामचलाऊ धावपट्टीवर पाचशे किलोहून जास्त कोकेन भरलं आणि परत निघताना कोसळलं.

मालाच्या वजनामुळे उड्डाण फसलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं ऑस्ट्रेलियन पोलिसांनी तेव्हाच बोलून दाखवलं. यात नवल काहीच नाही. छोट्या विमानात बसलेल्यांना ठाऊक असेल, चढण्याआधी बॅगच काय, माणसालाही काट्यावर उभं करतात. कोणी कुठे बसायचं हेही वैमानिक सांगतो, कारण वजन फार मागे गेलं की नाक वर जातं आणि विमान आवरत नाही. या सेसनाची उड्डाणाची कमाल मर्यादा साधारण ३,१०० किलो, तीही विमान, इंधन, माणसं, सामान सगळं धरून. परतीला पुन्हा समुद्र, म्हणजे टाक्यांत भरपूर इंधन हवं. हवा उष्ण असली की ती विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचाही जोर घटतो. त्यात जमीन ओबडधोबड असेल तर वेग घ्यायला आणखी लांबी लागते. एरवी हा हिशेब जुळला नाही तर सरळ सामान उतरवतात. इथे सामान उतरवा म्हणणार कोण? पडलं तर शोधायला यायचं कुणी? म्हणूनच याला नुसता अपघात म्हणायला माझं मन तयार होत नाही. जीव वाचवणारी प्रत्येक गोष्ट आधी जाणूनबुजून काढून टाकलेली असते.

वैमानिक वाचला, दोन दिवसांनी स्वतः हजर झाला. माल आठ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त किमतीचा, आणि पापुआ न्यू गिनीच्या जुन्या कायद्यात कोकेनसाठी धड शिक्षाच नव्हती! सुरुवातीला फक्त बेकायदा प्रवेशाबद्दल ३,००० किना (तिथलं चलन) दंड झाला. कडक कायदा आला तो २०२१मध्ये.

बहामातल्या नॉर्मन्स के बेटावर कोलंबियाचा तस्कर कार्लोस लेडर याच्या कोकेन व्यापाराचा अड्डा होता. तिथे १९८०मध्ये पडलेलं एक तस्करीचं विमान अजून उथळ पाण्यात आहे. पर्यटक त्यावर स्नॉर्केलिंग करतात, म्हणजे तोंडात नळी धरून पोहत ते बघतात, हौसेने फोटो टाकतात. मला त्या फोटोंचा मनापासून राग येतो. आपल्याकडेही अशा बातमीच्या मथळ्यात आधी कोकेनची किंमत येते. विमानात किती वजन भरलं आणि ते कोणी भरायला लावलं, हे आधी छापा ना!