नगाऱ्याचे पाच ठोके

डिसेंबर लागला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षीचा वाद पेटतो. शाळेत मुलांना सांताक्लॉज का करता, 25 तारखेला तुळशीपूजन का करत नाही. यंदा मावसदादाने थेट मलाच विचारलं, “तू तिकडे चर्चमध्ये जातेस म्हणे?”

जाते. जर्मनीतल्या आमच्या लहानशा गावात नाताळाआधी चर्चमध्ये बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचा ख्रिसमस ऑरेटोरियो, म्हणजे येशूजन्माची गायन-वादनातून सांगितलेली कथा, होतो आणि मी तो चुकवत नाही. दगडी भिंती, थंडी अशी की सगळे कोट घालूनच बसतात. सुरुवातीला ना व्हायोलिन, ना गाणं. फक्त टिंपनीचे, आपल्या नगाऱ्यासारख्या वाद्याचे, पाच ठोके. मग बासऱ्या, ट्रंपेट, तंतुवाद्यं, आणि मागून पन्नासएक गळे एकदम उसळतात. पालखी निघताना टाळ-मृदंग सुरू झाले की छातीत जे होतं, तेच इथे होतं.

एकल गायक आणि वादक बाहेरून येतात. पण कोरसमध्ये माझ्या मुलाच्या शाळेतल्या बाई आहेत, औषधाच्या दुकानातले गृहस्थ आहेत. उन्हाळ्याची सुट्टी संपल्यापासून दर आठवड्याला तालीम. यातले कित्येक एरवी प्रार्थनेला फिरकत नाहीत. जर्मनीत दरवर्षी लाखो लोक चर्चचं सभासदत्व सोडतात, तरी हे संगीत गावात जिवंत आहे, कारण गाणारे हौसेने उभे राहतात. आमच्या आजोळच्या भजनी मंडळाचंही असंच होतं.

दादाला मला सांगायचंय ते त्या पाच ठोक्यांबद्दल. बाखने ते मुळात नाताळासाठी लिहिलेच नव्हते. 1733 साली पोलंडच्या राणीच्या वाढदिवसाला त्याने एक रचना केली. तिचे पहिलेच शब्द होते, ‘वाजा रे नगाऱ्यांनो’, म्हणून आधी नगारा. पुढच्या वर्षी लाइपझिगमध्ये त्याने तीच चाल ठेवून शब्द बदलले आणि ती येशूजन्माची झाली. यातल्या पहिल्या भक्तिगीताची चाल तर मुळात 1601 सालच्या एका प्रेमगीताची. इथे नाताळाच्या पवित्र दिवसांत वाजतं ते हे असं, इकडून तिकडून आलेलं.

आणि आपल्याकडे? फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्तपुराण रचलं ते मराठी ओवीत, छापलं गेलं 1616 साली. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून गायली. ओवी यामुळे बाटली नाही, तिचं अंगण वाढलं. तरीही 2020च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हा त्यांच्या धर्मावरून विरोध झाला. ते मी इथून वाचत होते आणि मला फार वाईट वाटलं होतं. वसईचा माणूस, आयुष्य मराठीत लिहिण्यात गेलेलं.

दादाची एक काळजी मला पटते. मुलांना सांताची टोपी माहीत आणि हरिपाठ माहीत नाही, हे खरंच दुःखाचं आहे. पण टोपी काढून घेतल्याने हरिपाठ येत नाही. त्यासाठी संध्याकाळी कुणीतरी मुलांना घेऊन बसावं लागतं, त्या औषधवाल्यासारखं, आठवड्यामागून आठवडे. ग्रुपवर भांडायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात निम्मा हरिपाठ म्हणून होतो.

ऑरेटोरियोच्या शेवटी सगळ्या श्रोत्यांनी उभं राहून एक नाताळगीत म्हणायचं असतं. शेजारच्या आजी गेल्या गणपतीत आमच्या मराठी मंडळात आल्या होत्या. आरतीचा एक शब्द कळत नसताना शेवटपर्यंत टाळ्यांचा ठेका धरून उभ्या होत्या. इथे चर्चमध्ये त्यांनी आपलं गाण्याचं पुस्तक माझ्या बाजूला सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. मी गायले.