पाच दाहे पन्नास आणि अमेरिकेचा झेंडा

अमेरिकेच्या इतिहासातून गुणाकार शिकवायचा माझा तास परवा एका आजोबांनी हाणून पाडला. नातवाला सोडायला आले होते. पुण्याहून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत मुक्काम, रविवारी दुपारी काम नाही. खुर्ची त्यांनी स्वतःच ओढून घेतली, तीही थेट फळ्यासमोर.

तिसरीच्या पोरांना गुणाकार कळतो तो आडव्या ओळी आणि उभ्या रांगा पाहून, आणि त्यासाठी इथल्या झेंड्याइतकं स्वस्त साहित्य नाही. सुरुवात १९१२च्या ४८ ताऱ्यांच्या झेंड्यापासून करायची: सहा ओळी, प्रत्येकीत आठ. पूर्ण झेंडा मात्र हातात द्यायचा नाही. दिला की पोरं बोटाने एकेक तारा मोजतात आणि गुणाकार राहतो बाजूला. वरची एक ओळ आणि डावीकडची एक रांग तेवढी उघडी ठेवून बाकीच्यावर कागद टाकायचा. सहा आठे अठ्ठेचाळीस. झेंड्यात दर राज्याला एक तारा; मग अलास्का राज्य झाल्यानंतरचा १९५९चा: सात सत्ते एकोणपन्नास. हा बिचारा वर्षभरच टिकला, कारण पाठोपाठ हवाई आलं आणि ४ जुलै १९६०पासून तारे पन्नास झाले.

"पाच दाहे पन्नास!" आजोबा गरजले.

"आजोबा, तशा ओळी नाहीत त्यात. सहा ताऱ्यांच्या पाच ओळी, आणि त्यांच्या मधे मधे पाच ताऱ्यांच्या चार. तीस अधिक वीस."

"म्हणजे पन्नासच ना? मग एवढा वळसा कशाला?"

"निळा चौकोन तेवढा लांब नाही. दहा तारे आडवे बसवले तर दाटी होते."

"चौकोन वाढवा की मग! आपल्या अशोकचक्राचे आरे बघा. चोवीस. चार सक चोवीस, तीन आठे चोवीस, बारा दुणे चोवीस. कसंही या, वाट मोकळी! म्हणा रे पोरांनो, बे एके बे..."

आणि पोरं म्हणाली. डोलत, ठेक्यात, मी आणलेल्या ताऱ्यांच्या चिकटपट्ट्या एकमेकांच्या कपाळावर लावत. मी नऊ ओळींपुढे दोन रंगांचे खडू घेऊन उभा. तो खटाटोप उगाच नसतो. वरची ओळ सहाची दिसली की पोरं बिनधास्त नऊ सक चोपन्न ठोकतात. सहाच्या ओळी पिवळ्या, पाचच्या निळ्या केल्या तरच ते चार जादा तारे पकडले जातात. पाठांतराने ते पकडले जात नाहीत, पण हे आजोबांना सांगणार कोण?

जरा शांतता झाल्यावर जमिनीकडे वळलो. १७८५च्या कायद्याने ओहायो नदीपलीकडची जमीन चौकोनांत मोजायला घेतली: सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा, आणि सोळावा तुकडा शाळेसाठी राखलेला. चौकटीच्या वहीत पाच मिनिटांत आखून होतं. पुढे १८६२च्या कायद्याने वसाहतवाल्याला १६० एकर, म्हणजे तुकड्याचा चतकोर. सोळा चोक चौसष्ट, वर एक शून्य.

"सातबारा कुणाच्या नावावर होता?" आजोबांनी विचारलं.

विनोद म्हणून विचारलं, पण तिथे माझी बोलती बंद झाली. ती जमीन शॉनी, डेलावेअर, मायामी अशा जमातींची होती, आणि चौकोन आखताना हे तोंडातल्या तोंडात पुटपुटायची इथे पद्धत आहे. इतिहास आणि गणिताचं लग्न लावताना नेमकं हेच होतं. २०१२ साली जॉर्जिया राज्यातल्या एका शाळेत तिसरीच्याच पोरांना गुलामगिरीच्या इतिहासावरून गणित दिलं होतं: फ्रेडरिकला दिवसाला दोनदा मार बसतो, तर आठवड्यात किती वेळा? सात दुणे चौदा. उत्तर अगदी बरोबर! आधी गणित ठरवायचं, मग त्याला इतिहासाचं ठिगळ लावायचं, की असलंच काहीतरी निघतं. झेंड्यात ओळी मुळातच आहेत, टाउनशिपमध्ये चौकोन मुळातच आहेत. गुलामाच्या पाठीवर गुणाकार कुठला आला?

पुढच्या रविवारी लिंकनचं १८६३चं गेटिसबर्गचं भाषण आहे. त्याची सुरुवातच अशी: चार विसा (वीस वर्षांचा एक विसा) आणि सात वर्षांपूर्वी, म्हणजे ८७. १८६३मधून वजा केले की १७७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. आजोबांना अजून सांगितलेलं नाही. वीस चोक ऐंशी त्यांना झोपेतही येतं, आणि त्यांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे.